नजर रस्त्यावर, लक्ष आकड्यावर

गाडीच्या पुढच्या काचेवर हिरवा ४७ तरंगत होता. त्याचा ४८ झाला, मग पुन्हा ४७. अंधार पडला होता, रस्ता ओळखीचा होता, गर्दी बेताची. वेग काचेवर दाखवणारं हे यंत्र, हेड-अप डिस्प्ले, बसवून दोनच दिवस झाले होते आणि आपला वेग असा हवेत लिहिलेला बघण्याचं अप्रूप अजून ओसरलं नव्हतं. तेवढ्यात शेजारी बसलेली धाकटी बहीण ओरडली, "दादा, सायकल!" मी ब्रेक दाबला. अंतर पुरेसं होतं, काही झालं नाही. कडेने एक माणूस आमच्याच दिशेने चालला होता आणि त्याच्या सायकलला मागे दिवा नव्हता.

घरी आल्यावरही ती गोष्ट डोक्यातून जाईना. माझी मान खाली नव्हती, हातात मोबाइल नव्हता. डोळे नाकासमोर रस्त्यावर होते आणि सायकल त्या आकड्याच्या जेमतेम वीतभर बाजूला होती. तरीही ती आधी दिसली बहिणीला, जिच्या समोरच्या काचेवर काहीच लिहिलेलं नव्हतं. नजर रस्त्यावरून हलू नये म्हणून घेतलेल्या यंत्राच्या बाबतीत हे असं का व्हावं, हे समजून घ्यायचं तर आधी ते यंत्र समजून घ्यावं लागतं आणि मग आपले डोळे.

हेड-अप डिस्प्ले म्हणजे मान वर ठेवून वाचता येणारी पाटी. मूळ कल्पना लढाऊ विमानांतली. वैमानिकाला नेम धरताना खालच्या तबकड्यांकडे बघायला फुरसत नसते, म्हणून गरजेची माहिती त्याच्या डोळ्यांसमोरच्या काचेवर आणली गेली. मोटारीत ही सोय १९८८ साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाइल कटलस सुप्रीम या गाडीत आणली. आज बऱ्याच नव्या गाड्यांत ती कारखान्यातूनच येते. ज्यांच्या गाडीत ती नाही, ते बाहेरून यंत्र घेऊन डॅशबोर्डवर बसवतात. हा लेख या बाहेरून बसवायच्या यंत्रांबद्दल आहे, कारण दोन्हींचं नाव एक असलं तरी आत बराच फरक आहे.

बाहेरच्या यंत्रांत सगळ्यात साधा प्रकार म्हणजे मोबाइलवरचं ॲप. ते आकडे आरशातल्यासारखे उलटे दाखवतं, मोबाइल डॅशबोर्डवर उताणा ठेवायचा आणि काचेतलं सुलट प्रतिबिंब वाचायचं. दुसरा प्रकार जीपीएसवर चालणारा छोटा डबा. तिसरा, माझ्याकडचा, गाडीच्या ओबीडी पोर्टला वायरने जोडायचा. हा सोळा पिनांचा पोर्ट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली असतो. मेकॅनिक गाडीतले दोष वाचण्यासाठी आपलं मशीन तिथेच लावतो. यंत्र त्या वाटेने गाडीच्या संगणकाला सतत विचारत राहतं, "वेग किती? इंजिनाचे फेरे किती?" आणि आलेलं उत्तर काचेवर दाखवतं. वेगाचं उत्तर ० ते २५५ यांमधल्या एका पूर्णांकात येतं. साडेसत्तेचाळीस असं काही त्यात नसतंच. म्हणून गाडी ४७ आणि ४८ च्या सीमेवर असली की आकडा सारखा लुकलुकतो. या लुकलुकण्याकडे पुन्हा यावं लागेल.

काचेच्या पलीकडचं अंतर

शाळेत शिकलेला सपाट आरशाचा नियम आठवा: वस्तू आरशापुढे जेवढ्या अंतरावर असते, तेवढ्याच अंतरावर आरशामागे तिची आभासी प्रतिमा दिसते. डॅशबोर्डवरचा डबा काचेपासून वीस-पंचवीस सेंटिमीटरवर असेल, तर आकडा काचेच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर दिसणार. म्हणजे डोळ्यांपासून साधारण एक मीटर. जाहिरातीतल्या चित्रात तो रस्त्यावर रंगवल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात तो बॉनेटच्या सुरुवातीला लटकलेला असतो.

याचा परिणाम बसल्या जागी तपासता येतो. एक हात समोर लांब करून बोट उभं धरा आणि त्याच्या मागे खिडकीतून दूरचं झाड किंवा घर दिसेल असं बसा. बोटाच्या पेरावरच्या रेषा वाचायचा प्रयत्न केला की झाड धूसर होतं, एकाची दोन दिसायला लागतात. झाडाकडे बघितलं की बोट दोन होतात. दोन्ही एकाच दिशेला आहेत, मान हलवलेली नाही, तरी डोळ्याला एका वेळी एकच नीट दिसतं. डोळ्यातल्या भिंगाला आपला फुगवटा बदलावा लागतो आणि दोन्ही बुबुळांना आत-बाहेर वळावं लागतं.

हे काम किती, ते डायॉप्टर या एककात मोजता येतं: एकाला मीटरमधल्या अंतराने भागायचं. दूरच्या रस्त्यासाठी जवळपास शून्य. एक मीटरवरच्या आकड्यासाठी एक डायॉप्टर. पाऊण मीटरवर असलेल्या नेहमीच्या स्पीडोमीटरसाठी सव्वा ते दीड. म्हणजे साध्या यंत्राने नजर जुळवण्याच्या कष्टात फारसा फरक पडत नाही. कारखान्यातून येणाऱ्या डिस्प्लेत वक्र आरसे वापरून प्रतिमा दोन-अडीच मीटरवर, नव्या प्रकारांत सात-दहा मीटर किंवा त्याहून लांब नेतात. अडीच मीटरला ०.४ डायॉप्टर पुरतो. तिथे डोळ्याचं काम खरोखर हलकं होतं. चाळिशी लागलेल्या माणसाला हा फरक फार जाणवतो, कारण भिंग कडक झालेलं असतं आणि जवळून दूर यायला त्याला वेळ लागतो. वय पन्नाशीच्या पुढचं असेल आणि स्वस्तातला सपाट डबा घेतला असेल, तर डोळ्यांना आराम मिळण्याची अपेक्षा धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडा दोनदा दिसण्याची तक्रारही इथलीच. समोरची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर. प्रकाश तिच्या आतल्या पृष्ठभागावरून परततो आणि थोडा बाहेरच्या पृष्ठभागावरूनही, म्हणून एका आकड्यामागे दुसरा फिकट आकडा उभा राहतो. कारखान्यात बसवलेल्या डिस्प्लेसाठी मधला थर किंचित पाचरीसारखा, एका टोकाला जाड करतात, म्हणजे दोन्ही प्रतिमा एकमेकींवर येतात. आपल्या गाडीची काच तशी नसते, म्हणून यंत्राबरोबर चिकटवायची चकचकीत फिल्म मिळते. आतली प्रतिमा तिच्यामुळे इतकी उजळते की बाहेरची दबून जाते. पण त्या फिल्ममधून बाहेरचंही थोडं मंद दिसतं. तिच्यात फुगे राहिले तर काचेवर कायमचा एक डाग घेऊन गाडी चालवल्यासारखं होतं.

पोलराइज्ड गॉगल घातला की आकडा गायब होतो, याचं कारण मात्र साधं आहे. तिरप्या काचेवरून परतलेला प्रकाश मुख्यतः आडव्या दिशेने कंप पावतो आणि रस्त्यावरची चकाकी मारण्यासाठी हे गॉगल नेमका तोच अडवतात. यंत्र बिघडलेलं नसतं.

डोळे उघडे असतानाचं आंधळेपण

आता मुख्य मुद्दा. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. ते डोळ्यांसमोर सुमारे दोन अंशांचा कोन व्यापतं आणि आपल्याला पूर्ण तपशिलाने दिसतं ते जवळपास तेवढंच. बाकी सगळं दृश्य पुसटच असतं. डोळे भराभर इकडेतिकडे फिरतात आणि मेंदू त्या तुकड्यांचं एक अखंड चित्र जोडून देतो, म्हणून आपल्याला सगळंच दिसतंय असं वाटत राहतं.

त्यातही, डोळ्यावर पडलेली प्रत्येक गोष्ट 'दिसते' असं नाही. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चेंडू खेळणाऱ्या मुलामुलींची चित्रफीत दाखवली आणि पांढऱ्या कपड्यांतल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा एकमेकांना दिला ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली एक व्यक्ती त्या खेळाडूंमधून चालत गेली. बघणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही. ती पडद्याच्या मधोमध होती आणि बघणाऱ्यांचे डोळे पडद्यावरच होते.

हेड-अप डिस्प्लेशी थेट संबंध असलेला प्रयोग याच्याही आधीचा आहे. नासाच्या एम्स संशोधन केंद्रात अनुभवी वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये असा डिस्प्ले वापरून विमान उतरवायला लावलं होतं. अचानक एक दुसरं विमान धावपट्टीवर आडवं आणलं गेलं. काही वैमानिकांना ते दिसलं नाही आणि ते सरळ उतरत गेले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानंतर विमानवाहतुकीत हा धोका गांभीर्याने घेतला जाऊ लागला. समोरची चिन्हं आणि त्यांच्यामागचं जग एकाच दिशेला असलं, तरी मेंदू त्यांना दोन वेगळे थर समजतो आणि एका थरात गुंतला की दुसरा सुटतो. पावसात काचेवरच्या थेंबांकडे टक लावली की समोरची गाडी असून नसल्यासारखी होते, तसंच हे.

माझ्या सायकलचं उत्तर मला इथे सापडलं. आणि तो लुकलुकणारा आकडाही इथेच आपलं काम करत होता. नजरेच्या कडेला तपशील दिसत नाहीत, पण हालचाल आणि बदल मात्र फार चटकन जाणवतात. जिवंत राहण्यासाठी ते गरजेचंच होतं, झुडपात काही हललं तर कळायला हवं. काचेवरचा आकडा सेकंदाला एक-दोनदा बदलत असेल, तर तो दर वेळी त्याच यंत्रणेला हाक मारतो. स्पीडोमीटरचा काटा असा ओढत नाही. तो हळूच सरकतो आणि ओझरत्या नजरेला त्याच्या कलण्यावरूनच वेगाचा अंदाज येतो. आकडा मात्र वाचावाच लागतो. काचेवर काटा किंवा पट्टी दाखवणारी यंत्रं मला म्हणूनच जास्त पटतात.

मग फायदा काहीच नाही का?

आहे, आणि तो नाकारणं अन्यायाचं होईल. स्पीडोमीटर बघायला नजर बरीच खाली न्यावी लागते, डोळे जुळवावे लागतात, आकडा वाचावा लागतो, पुन्हा वर यावं लागतं. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर पळते. काचेवरच्या आकड्याने या फेरीतला सेकंदाचा काही अंश वाचतो, शिवाय वाचत असताना रस्ता निदान नजरेच्या कडेला तरी राहतो. असे डिस्प्ले वापरणारे चालक वेग जास्त एकसारखा राखतात आणि समोरच्या काही घटनांना थोडं लवकर प्रतिसाद देतात, असंही अभ्यासांत दिसलं आहे. मोकळ्या महामार्गावर, वेगमर्यादा सारखी बदलत असताना, मला स्वतःला त्याची मदत होते.

रस्त्यावरून नजर हटण्याची किंमत किती, हे व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून वर्षभर टिपलं होतं. २००६ साली आलेल्या त्या अहवालानुसार, नजर एकूण दोन सेकंदांहून जास्त रस्त्यावरून हटली की अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात होण्याची शक्यता किमान दुप्पट होते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत गाडीतल्या पडद्यांसाठी हाच धागा धरला: एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त अडकू नये आणि एखादं काम पुरं व्हायला अशा नजरांची बेरीज बारा सेकंदांपलीकडे जाऊ नये. दोन सेकंद म्हणजे ताशी १०० च्या वेगाला पंचावन्न मीटर.

अडचण अशी की ही सगळी मोजमापं नजर कुठे आहे ते मोजतात. काचेवरचा मजकूर वाचताना नजर, कागदोपत्री, रस्त्यावरच असते.

म्हणून यंत्र किती उजळ किंवा किती स्वस्त, यापेक्षा ते काय काय दाखवतं हा प्रश्न मला मोठा वाटतो. निव्वळ वेग वाचायला अर्धा सेकंद पुरतो आणि त्यावर विचार करावा लागत नाही. पुढच्या वळणाचा बाणही तसाच. इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, इंधनाचा खप हे सगळं एकाच वेळी काचेवर आणलं की वेग शोधावा लागतो आणि शोधण्यात वेळ जातो. कॉल आणि मेसेज आणणं तर मला सरळ चुकीचं वाटतं. २०१४ साली नॅव्हडी नावाचं एक यंत्र मोठ्या गाजावाजाने जाहीर झालं. डॅशबोर्डवरच्या पारदर्शक पाटीवर वेग आणि नकाशाबरोबर आलेला मेसेज दिसायचा आणि हवेत हात हलवून कॉल घेता यायचा. नजर रस्त्यावरच राहते, हाच त्याच्या बाजूने मुख्य युक्तिवाद होता. ती कंपनी पुढे काही वर्षांत बंद झाली, पण तो युक्तिवाद अजून सगळीकडे ऐकू येतो.

त्यात काय राहून जातं ते यूटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या कामातून समजतं. गाडीतल्या आवाजी सूचनांच्या यंत्रणांवर त्यांच्या गटाने अभ्यास केला. तिथे तर पडद्याकडे बघायचंही नव्हतं, फक्त बोलायचं होतं. तरी सगळ्यात किचकट यंत्रणांत काम संपल्यावरही मनाचं गुंतलेपण सत्तावीस सेकंदांपर्यंत रेंगाळलेलं आढळलं. ताशी ६० च्या वेगाने तेवढ्या वेळात गाडी साडेचारशे मीटर जाते. 'आईचा रिपोर्ट आला, फोन कर' एवढी ओळ काचेवर वाचायला दोन सेकंद लागतील. तिच्यातून मन बाहेर यायला किती लागतील ते ज्याचं त्याला माहीत.

बसवताना

यंत्र घ्यायचंच असेल तर काही गोष्टी आधी बघितलेल्या बऱ्या. शेजारच्या सीटची एअरबॅग बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या वरच्या भागातून, काचेच्या दिशेने उघडते, आणि तेही सेकंदाच्या काही शतांशांत. तिच्या झाकणावर किंवा जवळ ठेवलेला डबा त्या क्षणी कुणाच्या तरी चेहऱ्यावर येईल. डबा चालकासमोरच हवा, तोही घसरणार नाही असा घट्ट, आणि त्याची प्रतिमा काचेच्या खालच्या भागात, बॉनेटच्या रेषेजवळ पडायला हवी. पादचारी जिथून रस्ता ओलांडताना दिसतात, त्या पट्ट्यात ती येता कामा नये. काचेवर किंवा चालकाच्या दृष्टिक्षेत्रात काही लावण्यावर अनेक देशांत निर्बंध आहेत, तेही बघून घ्यावेत.

ओबीडीची वायर पायांच्या बाजूने वर येते. ती पेडलजवळ लोंबकळत राहिली तर नको त्या क्षणी बुटात अडकू शकते. डॅशबोर्डच्या कडेच्या फटीत ती दाबून बसवायला दहा मिनिटं लागतात, तेवढी द्यावीत.

त्या पोर्टच्या एका पिनेला बॅटरीचा पुरवठा कायम असतो, गाडी बंद असली तरी. इंजिन बंद झालं हे अनेक यंत्रं व्होल्टेजवरून ओळखतात: अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी भरणारं जनित्र, चालू असताना साधारण चौदा व्होल्ट, बंद असताना साडेबाराच्या आसपास. काही नव्या आणि हायब्रिड गाड्यांत व्होल्टेज वरखाली होत राहतो, मग यंत्र भलत्या वेळी झोपतं किंवा रात्रभर जागं राहून बॅटरी उतरवतं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर वायर काढून ठेवावी. इंटरनेटला किंवा सिमकार्डाला जोडलेली उपकरणं या पोर्टवर लावताना तर जास्तच जपावं. २०१५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी अशाच एका सिमवाल्या उपकरणाला एसएमएस पाठवून कॉर्व्हेट गाडीचे ब्रेक निकामी करून दाखवले होते. पोर्टमधून फक्त माहिती बाहेर येते असं नाही, आज्ञा आतही जाऊ शकतात.

काचेवरचा वेग डॅशबोर्डवरच्या वेगापेक्षा कमी दिसतो म्हणून यंत्र सदोष आहे, असं पुष्कळांना वाटतं. खरं कारण वेगळं आहे. अनेक देशांनी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो. जास्त दाखवायला मुभा आहे, खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक चार किलोमीटर इतकी. खरा वेग १०० असताना काटा ११४ पर्यंत दाखवू शकतो. जीपीएस असं काही वाढवून सांगत नाही. त्याचा आकडा एकसारख्या वेगात बराच अचूक असतो, पण वेग झपाट्याने बदलताना तो मागे रेंगाळतो आणि बोगद्यात थांबतोच. पुष्कळ यंत्रांत काही टक्के वाढवून आकडा काट्याशी जुळवायची सोय असते. मी तो जुळवून घेतला, कारण दोन वेगळे आकडे दिसले की कोणता खरा हे ताडून बघण्यातच लक्ष जातं.

रात्रीचा उजेड हा शेवटचा मुद्दा. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि काचेवरचा झगझगीत हिरवा आकडा तो सराव पुरा होऊ देत नाही. यंत्राचा आपोआप उजेड कमी करणारा सेन्सर बऱ्याचदा रस्त्यावरच्या दिव्यांनी फसतो. उजेड हाताने, आकडा जेमतेम वाचता येईल इतका खाली आणावा.

माझं यंत्र अजून गाडीत आहे. फेरे, तापमान आणि व्होल्टेज मी बंद केले आणि वेग ओलांडल्यावरचा बीप ठेवला. डबा डावीकडे थोडा सरकवून आकडा बॉनेटच्या रेषेखाली आणला. गावात किंवा शहरात शिरताना, जिथे सायकली, मुलं आणि पायी चालणारी माणसं असतात, तिथे बाजूचं छोटं चाक दाबून ते पूर्ण बंद करतो. बहीण शेजारी असली की ते ती करते.